गावच्या पाटीवरील आकड्यामागची नावे : महायुद्धात गेलेल्या सैनिकांचा शोध कसा घ्यावा

पश्चिम महाराष्ट्र आणि कोकणातील अनेक गावांत चावडीच्या, शाळेच्या किंवा देवळाच्या भिंतीत एक लहानशी संगमरवरी पाटी बसवलेली आढळते. या गावातून इतके पुरुष १९१४-१९१९ च्या महायुद्धाला गेले आणि त्यांपैकी इतक्यांनी प्राण दिले, एवढाच इंग्रजी मजकूर तिच्यावर कोरलेला असतो. अशा पाट्यांवर बहुधा एकही नाव नसते. दुसऱ्या महायुद्धातील किंवा त्यानंतरच्या जवानांसाठी गावकऱ्यांनी उभारलेल्या स्तंभांवर नावे असतात, पण तीही अनेकदा फक्त 'शिपाई अमुक जाधव' एवढीच, म्हणजे वडिलांचे नाव, पलटण किंवा मृत्यूचे ठिकाण यांच्याशिवाय. माझ्या गावच्या पाटीसाठी हे काम करताना आणि नंतर शेजारच्या काही गावांना मदत करताना जी पद्धत उपयोगी पडली, ती येथे क्रमाने मांडली आहे. नव्याने शोध घेणाऱ्याचा बराच वेळ चुकीच्या दारावर थाप मारण्यात जातो, तो वाचावा एवढाच हेतू आहे.

एक खुलासा सुरुवातीलाच करतो. लाहोरच्या संग्रहालयात सापडलेल्या आणि २०२१ पासून इंटरनेटवर येऊ लागलेल्या सुमारे ३ लाख २० हजार सैनिकांच्या नोंदवह्यांची बातमी वाचून अनेकजण त्यांत आपले आजोबा-पणजोबा शोधू लागतात. त्या नोंदवह्या पंजाब प्रांताच्या आहेत. मुंबई इलाख्यातील सैनिक त्यांत मिळणार नाहीत, म्हणून तो मार्ग सोडून द्यावा.

सोबत काय ठेवावे

- एक जाड वही किंवा संगणकावरील तक्ता. प्रत्येक सैनिकासाठी स्वतंत्र पान ठेवावे आणि प्रत्येक माहितीपुढे ती कोणी सांगितली किंवा कोठून घेतली हे लिहावे.
- चांगला कॅमेरा असलेला मोबाइल, बॅटरी आणि भिंग.
- गावाचे जुने नाव, वाड्यांची नावे, जुना तालुका आणि जुना जिल्हा यांची यादी.
- ग्रामपंचायतीचे एक साधे पत्र. तहसील कार्यालय, शाळा आणि लष्करी अभिलेख कार्यालय येथे व्यक्तिगत अर्जापेक्षा या पत्राला लवकर उत्तर मिळते.
- मोडी वाचणारी एक जाणकार व्यक्ती.

१. आधी पाटी नीट वाचा

अनेक पाट्यांवर ऑइलपेंटचे थर बसलेले असतात आणि १ चा ७ किंवा ३ चा ८ सहज वाचला जातो. पाटी घासू नका, तिच्यावर आम्ल किंवा चुना लावू नका, आणि अक्षरे उठून दिसावीत म्हणून ती पुन्हा रंगवूही नका. अंधार पडल्यावर बॅटरी बाजूने, भिंतीला जवळपास चिकटून धरली की कोरीव अक्षरांत सावली पडते आणि आकडा स्पष्ट होतो. तिन्ही-चारही बाजूंनी असा प्रकाश टाकून फोटो घ्यावेत.

पाटीवरील 'गाव' म्हणजे आजची ग्रामपंचायत असे धरून चालू नये. त्या काळी ज्या वाड्या या गावात मोजल्या जात, त्यांपैकी काही आज स्वतंत्र महसुली गावे झाली आहेत. कोकणात तर हा प्रश्न हमखास येतो. त्यामुळे पाटीवर मृतांचा आकडा पाच असेल आणि गावात तिघांचीच आठवण असेल, तर उरलेल्या दोघांसाठी आधी वाड्यांकडे वळावे.

२. गावातली आठवण गोळा करा

बहुतेकजण थेट संगणकापुढे बसतात. माझ्या मते हा क्रम उलटा आहे, कारण वडिलांचे नाव, वाडी आणि घराणे हाताशी नसेल तर नोंदवहीतील पन्नास 'गणपत पवारां'पैकी आपला कोणता हे ठरवताच येत नाही.

वृद्धांशी बोलताना 'पहिले महायुद्ध' हा शब्द वापरला तर अनेकदा उत्तर मिळत नाही. 'जर्मनच्या लढाईत कोण गेलं होतं', 'बसऱ्याला कोण गेलं होतं' असे विचारले की आठवणी निघू लागतात. बसरा म्हणजे आजच्या इराकमधील बंदर. मेसोपोटेमियाच्या मोहिमेत आपल्या भागातील फार मोठ्या संख्येने माणसे गेल्यामुळे हे नाव घराघरांत राहून गेले आहे.

घरातील धार्मिक रीतीही पुरावा देते. परदेशात मेलेल्या माणसाची मृत्यूतिथी घरच्यांना ठाऊक नसली, तर त्याचे श्राद्ध सर्वपित्री अमावास्येला घालतात. शस्त्राने किंवा अपघाताने मृत्यू आला असेल, तर ते भाद्रपद वद्य चतुर्दशीला, म्हणजे घातचतुर्दशीला घालण्याची प्रथा आहे. एखाद्या घरात पणजोबांच्या भावासाठी दरवर्षी या दिवशी पान वाढले जात असेल, तर तो लढाईत पडला होता ही समजूत त्या काळी घरात पक्की होती असे मानायला हरकत नाही. ठरावीक तिथी पाळली जात असेल तर ती लिहून घ्या, मात्र ती मृत्यूची तिथी आहे की तार घरी पोहोचली त्या दिवसाची, हे विचारल्याशिवाय तिची इंग्रजी तारीख काढत बसू नका. काही घराण्यांत देवघरात वीराचा टाक असतो, त्याबद्दलही विचारावे.

वंशावळीसाठी सांगली, कोल्हापूर आणि सोलापूर भागात हेळवी अजूनही घराण्यांच्या पिढ्या सांगतात. नाशिक आणि त्र्यंबकेश्वर येथील तीर्थोपाध्यायांकडे यजमानांच्या वह्या असतात. सैनिकाचा भाऊ किंवा चुलता तेथे विधीसाठी गेला असेल, तर त्या नोंदीत मृताचे नाव आणि नाते मिळू शकते.

यानंतर कागद. गावच्या जुन्या प्राथमिक शाळेतील जनरल रजिस्टरमध्ये मुलाचे नाव, वडिलांचे नाव, जन्मतारीख आणि शाळा सोडल्याची तारीख असते. तहसील कार्यालयातील जुन्या जन्म-मृत्यू नोंदी, म्हणजे कोतवाल बुक किंवा गाव नमुना १४, पाहताना दोन गोष्टी ध्यानात ठेवाव्यात. जन्माच्या नोंदीत पुष्कळदा बाळाचे नाव नसते, फक्त वडिलांचे नाव आणि 'मुलगा' एवढेच लिहिलेले असते. आणि परदेशात झालेला मृत्यू गावच्या मृत्यूनोंदीत येत नाही, त्यामुळे तेथे नाव नाही म्हणून माणूस परत आला होता असा अर्थ काढू नये. जुन्या फेरफारात मात्र वारस लावताना 'अमुक लढाईत मयत' असा शेरा असू शकतो. जमीन असलेल्या घरांसाठी फेरफार आवर्जून पाहावेत.

३. पेटीतील पदके वाचा

पदक हा सर्वांत भरवशाचा पुरावा आहे. पहिल्या महायुद्धाच्या चांदीच्या गोल पदकावर एका बाजूला पंचम जॉर्जचे मुखचित्र असते आणि त्याच्या जोडीला पंख असलेल्या देवतेचे काशाचे विजयपदक मिळत असे. या दोन्हींच्या कडेवर, नाण्याची कड असते तेथे, बारीक इंग्रजी अक्षरांत सैनिकाचा क्रमांक, हुद्दा, नाव आणि पलटण ठोकलेली असते. ताऱ्याच्या आकाराच्या पदकावर हाच मजकूर मागच्या बाजूला असतो. घरातील माणसांनी शंभर वर्षे पदक जपलेले असते, पण ती कड कोणी वाचलेली नसते, हा अनुभव मला वारंवार आला. पदक चिंच किंवा पावडर लावून उजळू नका, कारण प्रत्येक घासणीबरोबर ती अक्षरे झिजत जातात. भिंग आणि तिरका प्रकाश पुरतो.

मजुरांच्या आणि हमालांच्या तुकड्यांतील लोकांना हेच पहिले पदक चांदीऐवजी काशात दिले गेले. तसे पदक मिळाले तर सैनिकी पलटणीत शोधत न बसता कामगार तुकड्यांकडे वळावे.

याशिवाय सुमारे १२ सेंटिमीटर व्यासाची काशाची एक जड तबकडी काही घरांत असते. तिच्यावर हातात त्रिशूळ घेतलेली स्त्री आणि सिंह दिसतो, आणि एका चौकटीत फक्त नाव असते, हुद्दा नसतो. ही तबकडी केवळ मृताच्या वारसांना दिली जात असे. त्यामुळे ती ज्या घरात आहे, त्या घरातील माणूस पाटीवरच्या दुसऱ्या आकड्यात मोजला गेला असण्याची शक्यता खूपच मोठी असते.

४. कॉमनवेल्थ वॉर ग्रेव्हज कमिशनची नोंदवही शोधा

१९१७ मध्ये स्थापन झालेल्या या संस्थेकडे दोन्ही महायुद्धांतील मृत सैनिकांची नोंद आहे आणि तिच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य शोधता येते. पहिल्या महायुद्धासाठी ४ ऑगस्ट १९१४ ते ३१ ऑगस्ट १९२१ आणि दुसऱ्यासाठी ३ सप्टेंबर १९३९ ते ३१ डिसेंबर १९४७ या काळातील मृत्यू त्यात येतात. जे जिवंत परतले ते येथे सापडणार नाहीत. पाटीवरील पहिल्या, मोठ्या आकड्यातील बहुतांश माणसांसाठी गावातील आठवण आणि पदके हाच आधार राहतो.

शोधताना आधी सैन्य म्हणून भारतीय सेना निवडावी. मग आडनावाच्या मागे न लागता प्रगत शोधातील 'अतिरिक्त माहिती' या रकान्यात गावाचे किंवा तालुक्याचे नाव रोमन लिपीत टाकावे. अनेक भारतीय सैनिकांच्या नोंदीत वडिलांचे नाव, गाव, तालुका आणि जिल्हा याच रकान्यात दिलेला आहे, त्यामुळे एका शोधात गावातील अनेक नावे एकत्र समोर येतात. आलेली यादी तक्त्याच्या रूपात उतरवून घेता येते.

खरी कसोटी स्पेलिंगची असते. नोंद करणारा कारकून मराठी नव्हता, त्याने जे कानावर पडले ते लिहिले. जाधवांचे जाधो किंवा जादव होते, पवारांचे पोवार किंवा पुवार, चव्हाणांचे चवान किंवा चौहान, घाडग्यांचे घाटगे. 'व' साठी कधी व्ही हे अक्षर येते तर कधी डब्ल्यू. गावाच्या नावाचीही हीच गत असते, म्हणून प्रत्येक गावासाठी चार-पाच स्पेलिंगे आधी कागदावर मांडून ती एकेक करून तपासावीत. नाव आणि आडनाव कधी एकाच रकान्यात असते, तर कधी वेगवेगळ्या, तेव्हा दोन्ही प्रकारे शोधावे.

नोंद सापडली की तीत स्मारकाचे नाव दिसते. येथे अनेक कुटुंबांचा गैरसमज होतो. फ्रान्समधील नव शापेल स्मारकावर, ज्यांचे थडगे ज्ञात नाही अशा ४,७०० हून अधिक भारतीयांची नावे कोरलेली आहेत. पण बसरा स्मारकाच्या भिंतीवर ४० हजारांहून अधिक मृतांचे स्मरण असले तरी भारतीय शिपायांची नावे तेथे कोरलीच नाहीत. अधिकाऱ्यांची नावे आहेत, आणि शिपाई पलटणीगणिक केवळ संख्येने मोजले आहेत. त्यांची नावे नोंदवहीत आहेत, दगडावर नाहीत. हा भेदभाव होता हे कमिशनने स्वतः २०२१ च्या अहवालात मान्य केले आहे. तेव्हा बसऱ्याच्या भिंतीवरील नावाचा फोटो मिळवण्यासाठी कोणाला पैसे देऊ नका. दिल्लीच्या इंडिया गेटबाबतही असेच आहे. ते सुमारे ७० हजार सैनिकांचे स्मारक आहे, पण त्यावर १३ हजारांच्या आसपासच नावे कोरलेली आहेत.

रत्नागिरी भागातील खलाशांसाठी वेगळी वाट धरावी. समुद्रात बुडालेल्या दोन हजारांहून अधिक नाविकांचे स्मरण कमिशनच्या 'बॉम्बे १९१४-१९१८' या स्मारकाखाली केलेले आहे, आणि ते भारतीय सेनेच्या शोधात दिसत नाहीत.

५. तालुका आणि जिल्हा त्या काळचा धरा

१९१४ मध्ये सांगली जिल्हा नव्हता. वाळवे, तासगाव आणि खानापूर हे तालुके सातारा जिल्ह्यात होते. आजचा सिंधुदुर्ग १९८१ पर्यंत रत्नागिरीचा भाग होता, रायगडाचे नाव कुलाबा होते आणि जळगावचे पूर्व खानदेश. कोल्हापूर, सावंतवाडी, जंजिरा, भोर, फलटण, औंध आणि जत ही संस्थाने होती, त्यामुळे त्या गावांच्या नोंदीत जिल्ह्याच्या जागी संस्थानाचे नाव असू शकते. एकाच नावाचे तालुके ही आणखी एक अडचण आहे. खेड पुण्यात आहे आणि रत्नागिरीतही, कर्जत नगरमध्ये आहे आणि कुलाब्यातही. जिल्हा न पाहता केवळ तालुक्यावरून माणूस आपला मानू नये.

६. पलटण ओळखा

पहिल्या महायुद्धातील पलटणींचे क्रमांक १९२२ च्या पुनर्रचनेत बदलले. १०३, १०५, ११०, ११६ आणि ११७ या मराठा पलटणी अनुक्रमे ५ व्या मराठा लाइट इन्फंट्रीच्या पहिल्या ते पाचव्या बटालियन झाल्या आणि ११४ ही दहावी, म्हणजे प्रशिक्षण बटालियन झाली. नोंदीत '२/११७' असे असेल, तर ११७ क्रमांकाच्या रेजिमेंटची दुसरी बटालियन असा त्याचा अर्थ. वृद्धांच्या तोंडी 'जंगी पलटण' आली तर ती १०३ आणि 'काळी पाचवी' आली तर १०५ समजावी.

गावातील सारे मराठा पलटणीतच गेले असे गृहीत धरणे ही नेहमीची चूक आहे. खडकीचे बॉम्बे सॅपर्स (लष्करी अभियंत्यांची तुकडी), १०७ व्या पायोनियर्ससारख्या (रस्ते-खंदक बांधणाऱ्या) पलटणी, १९१७ मध्ये उभारलेली १११ वी महार पलटण, खेचरांच्या वाहतूक तुकड्या, तोफखान्याचे ड्रायव्हर, भिस्ती आणि इतर फॉलोअर (सैन्याबरोबर कामाला असलेले बिगरलढाऊ लोक) या सर्वांत आपली माणसे होती. फॉलोअरांच्या नोंदी सर्वांत अपुऱ्या आहेत आणि गावातही त्यांचा उल्लेख कमी होतो, म्हणून त्यांच्याबद्दल मुद्दाम, वेगळे विचारावे लागते.

७. मृत्यूची तारीख आणि पलटण एकत्र वाचा

तारीख कळली की पलटण त्या दिवशी कोठे होती हे युद्ध दैनंदिनीतून, म्हणजे पलटणीने रोज लिहिलेल्या नोंदींतून समजते. या दैनंदिन्या ब्रिटनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत आणि त्यांतील पुष्कळ भाग संगणकावर पाहता येतो. भारताच्या राष्ट्रीय अभिलेखागाराचे 'अभिलेख पटल' हे संकेतस्थळही तपासावे. दैनंदिनीत शिपायाचे नाव मिळेल अशी अपेक्षा ठेवू नये. अधिकाऱ्याचे नाव असते आणि शिपायांची फक्त संख्या असते. तरीही त्या दिवशी पलटण खंदकात होती, कूच करत होती की छावणीत पटकीची साथ होती, एवढे कळणेही घरच्यांसाठी मोठे असते.

उदाहरणादाखल, १०३, ११० आणि ११७ या तिन्ही पलटणी २२ नोव्हेंबर १९१५ रोजी सुरू झालेल्या मेसोपोटेमियातील टेसिफोनच्या लढाईत होत्या, आणि नंतर तेथीलच कुत-अल-अमारा येथे ७ डिसेंबर १९१५ पासून वेढ्यात अडकल्या. २९ एप्रिल १९१६ रोजी कुत पडले आणि सुमारे १३ हजार लोक तुर्कांचे कैदी झाले. त्यांतील फार मोठी संख्या वाटचालीत आणि छावण्यांत उपासमारीने व रोगाने दगावली. या पलटणींतील एखाद्याची तारीख २९ एप्रिल १९१६ नंतरची असेल, तर तो कैदेत मेला का हे आधी तपासावे. त्याच क्रमांकाची दुसरी बटालियन इतरत्र असू शकते, म्हणून बटालियनचा आकडा पाहिल्याशिवाय निष्कर्ष काढू नये.

शौर्यपदक मिळाल्याची आठवण घरात असेल, तर लंडन गॅझेटचे जुने अंक विनामूल्य शोधता येतात.

८. दुसरे महायुद्ध आणि त्यानंतरचे जवान

येथे काम बरेच सोपे होते. घरात डिस्चार्ज पुस्तक असते, जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात माजी सैनिकांच्या व विधवांच्या नोंदी असतात, आणि पलटणीच्या अभिलेख कार्यालयाला सैनिक क्रमांकासह पत्र लिहिता येते. मराठा लाइट इन्फंट्रीसाठी बेळगाव, महार रेजिमेंटसाठी मध्य प्रदेशातील सागर आणि बॉम्बे सॅपर्ससाठी खडकी. क्रमांकाशिवाय पाठवलेले पत्र बहुधा अनुत्तरित राहते. मृतांसाठी कमिशनची नोंदवही आहेच. व्हिक्टोरिया क्रॉस मिळालेले नाईक यशवंत घाडगे १० जुलै १९४४ रोजी इटलीत पडले आणि त्यांचे नाव कॅसिनो स्मारकावर आहे. त्यांची नोंद आधी उघडून पाहावी, म्हणजे कोणत्या रकान्यात काय असते ते समजेल. स्वातंत्र्यानंतरच्या हुतात्म्यांसाठी दिल्लीचे राष्ट्रीय समर स्मारक पाहावे. ते फेब्रुवारी २०१९ मध्ये खुले झाले आणि तेथे २५ हजारांहून अधिक नावे आहेत.

९. नाव पक्के कधी मानावे

वडिलांचे नाव, गाव व तालुका, आणि पलटण किंवा क्रमांक या तीन गोष्टी दोन स्वतंत्र ठिकाणांहून जुळल्या तरच मी नाव पक्के मानतो. कमिशनची नोंद आणि पदकाची कड ही दोन स्वतंत्र ठिकाणे झाली. एकाच घरातील दोन भावांनी सांगितलेली आठवण हे एकच ठिकाण. तीनांपैकी दोनच गोष्टी जुळत असतील, तर वहीत 'संभाव्य' असा शेरा मारून ते नाव तसेच ठेवावे. गावात अशा वेळी दबाव येतो. अमुक घराणे मोठे आहे, त्यांचा माणूस यादीत हवाच, असे म्हटले जाते. पुरावा नसेल तर नम्रपणे नाही म्हणावे, कारण एक चुकीचे नाव घातले की पाटीवरील आकड्यातील खऱ्या माणसाची जागा जाते.

नोंदीत चूक दिसली, किंवा सेवेत मृत्यू होऊनही नाव नोंदवहीत नसले, तर कमिशनकडे पुराव्यासह अर्ज करता येतो. पदकाच्या कडेचा फोटो, जुना फेरफार, पेन्शनचा कागद असे समकालीन पुरावे जोडावेत. निव्वळ आठवणीवर दुरुस्ती होत नाही.

गावात नवा फलक लावायचा झाल्यास मूळ पाटी काढू नका, तिच्या शेजारी लावा. प्रत्येक नाव वडिलांच्या नावासह, वाडी, पलटण आणि मृत्यूचे वर्ष यांसह लिहा, हुद्द्याप्रमाणे न लावता अकारविल्हे लावा, आणि कोरण्यापूर्वी प्रत्येक घराला मसुदा दाखवून त्यांची लेखी संमती घ्या. पाटीवरील आकड्याइतकी नावे मिळाली नसतील, तर फलकावर तेवढ्या ओळी मोकळ्या सोडायला कारागिराला आधीच सांगून ठेवा.